नोकरकपातीचं विधेयक पहिल्यांदाच वाचताय?

मालवणच्या कचेरीतली पदं जाणार असं कानावर आलं, की आधी एकच विचारा: विधेयक आलंय की नुसता जीआर, म्हणजे शासन निर्णय? नवखे इथेच चुकतात. राज्यात पदं बहुतेक वेळा सुधारित आकृतिबंधाच्या (कचेरीत कोणती, किती पदं हे ठरवणाऱ्या आराखड्याच्या) जीआरनेच घटतात, त्याला विधिमंडळ लागत नाही.

विधेयक असेल तर धीर धरा. मांडलं म्हणजे मंजूर झालं नव्हे. दोन्ही सभागृहं, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. मध्येच ते दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि तिने सूचना मागवल्या, तर तुमच्या हाती खरी संधी तीच. विषय वेगळा, पण वाट हीच: विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये समितीकडे गेलं, लोकांनी हजारो सूचना पाठवल्या, आणि ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. सूचना कलमाच्या क्रमांकासह लिहा. नुसतं ‘अन्याय होतोय’ लिहून भागत नाही.

वाचताना सध्या एवढंच बघा:
- कलम १. ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास’ असं असेल, तर राज्यपालांची सही होऊनही अंमल लांबू शकतो.
- रिक्त पदं रद्द होणार की भरलेली? घाबरण्याआधी हे तपासाच.

राज्यघटनेतले सरकारी नोकरीच्या सेवाशर्तींचे आणि बडतर्फीचे अनुच्छेद, ३०९ आणि ३११, नंतर बघू. आधी विधेयकाची मराठी प्रत मिळवा.