घरी केलेल्या जिंजर बिअरमध्ये (आल्याच्या आंबवलेल्या फेसाळ पेयात) बाटलीत भरताना फेसासाठी गूळ किती घालावा? बाटल्या नुसत्या गरम पाण्यानं धुतल्या तर चालतात का?

गुळाचं आधी सांगतो. लिटरला 8 ग्रॅम, काट्यावर मोजून. थोड्या पाण्यात उकळून गार करायचा आणि सगळ्या पेयात एकदम मिसळायचा. दर बाटलीत चमच्यानं अंदाजपंचे घालायचा नाही. गरम पाण्याबद्दल विचाराल तर, नाही चालत. आमच्या घरात हे आक्काच्या पायाला तीन टाके पडल्यावर कळलं, आणि काहींना अजून कळलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

2019 चा चैत्र. जोतिबाच्या यात्रेला आक्काच्या सासरचे पाहुणे येणार होते. मी आठवडाभर आधी आल्याचं विरजण (पेय आंबवणारं खमीर, म्हणजे यीस्ट) धरलं होतं. नऊ लिटर पेय झालं. भरायला क्लिपच्या झाकणाच्या अर्ध्या लिटरच्या काचेच्या 18 बाटल्या. बारा माझ्या, पांढऱ्या रबराच्या. सहा दाजींच्या, तांबड्या रबराच्या. दाजींच्या बाटल्या आदल्या खेपेपासून तशाच मोरीत पडलेल्या, तळाला पांढुरकं कडं धरलेलं. मी म्हटलं, "दाजी, ब्रश लावल्याशिवाय ह्या नकोत." ते म्हणाले, "पाव्हणं, इंजेक्शन भरायचंय काय त्यात? बंबातल्या पाण्यानं खळबळून घेतो की." घाई होती, थोरल्यांपुढं किती बोलायचं म्हणून मी गप्प बसलो. तिथं मी चुकलो.

बाटल्या पत्र्याखालच्या वरच्या खोलीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का तिथं कुरडयांचा डबा काढायला गेली आणि एक बाटली फुटली. तिला खाली आणून पाय बांधेपर्यंत वर आणखी तीन फुटल्या. चारही तांबड्या रबराच्या. उरलेल्या बाटल्यांवर ओली पोती टाकून आम्ही त्या संध्याकाळी परड्यात उतरवल्या, टॉवेल गुंडाळून एकेक उघडली. दोन तांबड्यांतून कारंजं उडालं, निम्मी बाटली रिकामी झाली. जे उरलं ते आंबूस आणि भेंडीच्या पाण्यासारखं तार सुटणारं. पांढऱ्या रबराच्या बाराच्या बारा व्यवस्थित. फेस नीट, आल्याचा झणका नीट. पाहुण्यांनी त्याच प्यायल्या.

आणि तरी तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात दाजी सांगतात, "पाव्हण्यानं गूळ हात सैल सोडून घातला, म्हणून बाटल्या उडाल्या."

गूळ एकाच पातेल्यात विरघळवून सगळ्या नऊ लिटरमध्ये ढवळला होता. अठराही बाटल्यांत तोच गूळ, त्याच दिवशी, त्याच खोलीत. दोष गुळाचा असता तर एक तरी पांढरी फुटायला हवी होती.

हिशेबानंही तेच निघतं. खमीर 1 ग्रॅम साखर खातं तेव्हा साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. 8 ग्रॅम गुळात सगळी साखर नसते, पाणी आणि क्षारही असतात, त्यामुळं तेवढ्यातून लिटरमागं दोन लिटरही वायू होत नाही. बाटली तेवढा सहज सोसते. पण जिंजर बिअर आपण गोड असतानाच भरतो. लिटरमध्ये 50 ग्रॅम साखर शिल्लक असेल आणि ती सगळी खाल्ली गेली, तर लिटरमागं 12 लिटरहून जास्त वायू. म्हणजे धोका वरून घातलेल्या चिमूटभर गुळात नसतो, आत राहिलेली साखर किती वेगानं खाल्ली जाते यात असतो. तो वेग ठरतो उष्णतेवर आणि बाटलीत आधीपासून कोण बसलंय त्यावर. तळाचं ते पांढुरकं कडं म्हणजे मागच्या खेपेचं जिवंत खमीर आणि सोबत आंबवणारे जिवाणू. बंबातल्या पाण्यानं ते मरत नाहीत आणि खळबळून निघतही नाहीत.

(बार्लीच्या बिअरचं गणित वेगळं. तिथं आंबणं पूर्ण झाल्यावर भरतात, म्हणून लिटरला 6–7 ग्रॅम साखरेवरच फेस ठरतो. पण बाटली घाण असेल तर बिअरच्या खमिराला न पचणारी साखरही रानटी खमीर खातं आणि काही आठवड्यांनी तिथंही कारंजंच.)

तेव्हा आधी घासणं, मग निर्जंतुक करणं. ही दोन वेगळी कामं आहेत. बुळबुळीत थरावर कुठलंही औषध चालत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बाटल्या रात्रभर भिजवा, लांब ब्रशनं तळ घासा, बोटाला बुळबुळ लागायची थांबेपर्यंत विसळा. उजेडात धरून तळ बघा. मग रबर काढून, गार पाण्यात बुडवून हळूहळू तापवा आणि उकळी आल्यावर 10 मिनिटं ठेवा. रबरं वेगळी उकळा, घाण तिथंच लपते. गोटी सोड्याच्या बाटल्या हौसेनं वापरू नका. चिमटलेल्या गळ्यातून ब्रश जात नाही, आणि आत दाब वाढेल तशी गोटी आणखी घट्ट बसते.

सोबत एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली भरून ठेवा. अंगठ्यानं दाबून दगडासारखी लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. पण बाकीच्याही तितक्याच स्वच्छ असतील तरच तिचा अंदाज खरा.

गूळ आपला कोल्हापुरीच घ्या, पण गडद. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रोस (रंग उडवणारी रासायनिक पावडर) मारून उजळलेला असतो.

आता राहिलेलं. माझ्या बारा बाटल्याही त्या पत्र्याखाली आणखी आठवडाभर राहिल्या असत्या तर फुटल्या असत्या, हे मी मान्य करतो. दाजींच्या बाटल्यांची काच जुनी, चरे पडलेली होती, तेही कारण असू शकतं. पण न फुटलेल्या दोन बाटल्यांतली आंबूस तार काचेनं आली नाही. शिवाय या पेयात थोडं अल्कोहोल तयार होतंच, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका. आणि बार्लीची बिअर घरी करायचा विचार असेल तर 1949 च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

दाजी हे वाचतील. तांबड्या रबराच्या त्या दोन बाटल्या मी धुवू दिलेल्या नाहीत. आक्काच्या माळ्यावर, कुरडयांच्या डब्यामागं आहेत. दाजी, उजेडात धरून तळ बघा.