पॉलिश संपलं म्हणून वाचलेली ९ नाणी

*ताई,*

*माझे मामा ७८ वर्षांचे आहेत. आयुष्यभर जमवलेली चांदीची ४० नाणी त्यांनी गेल्या वर्षी माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे," एवढंच म्हणाले. नाणी काळपट झाली होती. पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे राहायला येणार, म्हणून एका दुपारी मी भांड्यांचं पॉलिश घेऊन बसले. ३१ नाणी झाली आणि पॉलिश संपलं. मग हौसेने एका नाणेविक्रेत्याला दाखवायला नेली. त्याने ट्रे माझ्याकडे परत सरकवला. "घासलीत. चांदीच्या वजनाने घेईन." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. भरपाई म्हणून, मामांना कायम हवं असलेलं एक दुर्मीळ नाणं ऑनलाइन घेतलं. घरदुरुस्तीला ठेवलेल्या पैशांतून, नवऱ्याला न सांगता. ते ओतीव, म्हणजे नकली आहे असं त्याच विक्रेत्याचं म्हणणं. आता कुणीतरी सुचवलंय की डब्यात उकडलेल्या अंड्यासोबत ठेवली तर नाणी पुन्हा काळी होतात. ठेवू का? मामांना न कळता हे निभावेल का? त्यांची जुनी पिवळी पाकिटंही टाकून दिली, छान अल्बम आणलाय.*

*— अपराधी भाची*

अगं बाई,

आधी ते अंडं बाजूला ठेव.

अंड्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि चांदी काळवंडते, हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं कणाकणाने चढलेली छटा आणि दोन दिवसांत डब्यात आणलेला काळेपणा यातला फरक जन्मभर नाणी पाहिलेल्या माणसाला पहिल्या नजरेत कळतो. रंग ठिगळाठिगळांनी चढतो. घासल्याचे ओरखडे त्याखाली तसेच राहतात, कधीकधी उलट उठून दिसतात. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा एक गृहस्थ होऊन गेला (१७७२ ते १८३०). प्राचीन नाण्यांचे हुबेहूब ठसे कोरायचा. कोरी करकरीत नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाचा कीस आणि तेलकट घाण भरलेल्या डब्यात घालून घोडागाडीतून फिरवायचा. याला तो 'म्हाताऱ्यांना हवा खायला नेणं' म्हणायचा म्हणे. माणूस विनोदी होता, पण इतिहासात नाव राहिलं ते नकली नाणीवाला म्हणून. तुला त्या रांगेत बसायचं नाहीये. आत्तापर्यंत तू चूक केलीस. अंडं ठेवलंस तर ती लबाडी होईल, आणि तीही मामांशी.

आता नाण्यांचं नेमकं काय झालं ते बघ. न घासलेल्या ९ नाण्यांतलं सगळ्यात कमी झिजलेलं एक घे, घासलेल्यांतलं एक घे. फक्त कडेला धरून. एकाच दिव्याखाली तिरकी करून सावकाश फिरव. टाकसाळीत ठसा चकतीवर आदळतो तेव्हा धातू दाबाने मधून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिबारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. त्यांच्यामुळे प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरतो. वापरलेल्या नाण्यावरही अक्षरांच्या आडोशाला ही झळाळी थोडी टिकून असते. पॉलिशमधल्या घासणाऱ्या पुडीने नेमक्या त्याच रेषा खरवडल्या जातात. म्हणून घासलेलं नाणं फिरवलंस तरी सगळीकडून सारखंच चकचकतं, स्टीलच्या वाटीसारखं. भिंगातून बघितलंस तर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतील आणि अक्षरांच्या कोपऱ्यात अडकलेली पांढरी पूड.

हे परत येत नाही. कुणी आणून देतो म्हणालं तर त्याला दाराबाहेरूनच परत पाठव. चांदी आपली आपण पुन्हा काळवंडेल, त्याला बरीच वर्षं लागतील, पण ओरखडे तिच्यासोबतच राहणार. माझ्याकडे तांब्याचं एक नाणं आहे. साल वाचता येईना म्हणून सतराव्या वर्षी मी ते खोडरबराने घासलं. साल दिसलं. मधोमध कच्च्या कातडीसारखा गुलाबी पट्टा उमटला, तो आता मळकट नारिंगी झालाय. नाणं मी अजून ठेवलंय, बघितलं की अजूनही कान लाल होतात. तेव्हा या बाबतीत मी तुझ्याच पंगतीतली.

पण 'चांदीच्या वजनाने' हा शेवटचा शब्द मानू नकोस. दुर्मीळ नाणं घासलेलं असलं तरी त्याला चांदीच्या भावापेक्षा जास्त देणारे लोक असतात. कमी देतात, पण देतात. घाईने विकशील तर ती तिसरी चूक. विकत घेणाऱ्यानेच किंमत सांगितली, हेही लक्षात असू दे. आत्ता एवढंच कर: डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणी काही वेळ बुडवून ठेव, बोटही न फिरवता काढ, मऊ कापडावर आपोआप सुकू दे. पूड निघाली तर निघाली. टोकरायचं नाही.

ओतीव नाण्याबद्दल. विक्रेता म्हणतो म्हणून मान्य करू नकोस आणि महाग पडलं म्हणून नाकारूही नकोस. तू स्वतः तपास. ठसा मारून पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार असतात, साच्यात धातू ओतून केलेल्या ओतीव नाण्याची साबणासारखी गोलसर. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, कडेला कधी साच्याचा सांधा सापडतो. चुंबकाला चिकटलं तर चांदी नाहीच. चिकटलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण शिसं आणि पितळही चिकटत नाही. मग वजन कर. एकदा हवेत, एकदा दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवून. हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भाग. शुद्ध चांदी असेल तर १०.५ च्या आसपास येतं, तांब्याची भेसळ असेल तर थोडं कमी. शुद्ध तांब्याचं ९ च्या जवळ येतं. आकडा बरोबर आला तरी नाणं खरंच आहे असं नाही, खऱ्या चांदीतही नकली नाणी पाडतात. पण आकडा चुकला तर वाद मिटला. नंतर तुझ्या विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराला दाखव.

तज्ज्ञही चुकतात. १९१३ सालचं लिबर्टी निकेल नावाचं अमेरिकन नाणं जगात फक्त ५. त्यातलं एक जॉर्ज वॉल्टन या संग्राहकाकडे होतं. १९६२ मध्ये तो मोटार अपघातात गेला, तेव्हा नाणं त्याच्याबरोबरच होतं. वारसांनी ते तपासून घेतलं, तर उत्तर आलं की नकली आहे. बहिणीने ते कपाटात ठेवून दिलं, पाकिटात, 'खरं नाही' अशा चिठ्ठीसह. ४० वर्षं ते तसंच पडून राहिलं. २००३ मध्ये बाकीच्या चार नाण्यांशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कळलं की अस्सल आहे. २०१३ मध्ये ते ३१ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. ही गोष्ट तुला आशा लावायला सांगत नाहीये, असं लाखात एकदाच होतं. सांगते आहे ती त्या बहिणीसाठी. नकली म्हणून सांगितलेलं नाणं तिने फेकलं नाही, आणि त्याच्यासोबतची चिठ्ठीही नाही.

नकलीच ठरलं तर फोटो, वजनाचे आकडे आणि पावती जोडून विकणाऱ्याला लेखी कळव, पैसे परत माग. नाही मिळाले तर ते नाणं खरं म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. नवऱ्याला मात्र मामा यायच्या आधी सांग. ते पैसे दोघांचे होते आणि छत गळायला लागलं की तो विचारणारच आहे. चिडेल. चिडू दे. नाण्यांच्या जाणकारांत 'नाण्याआधी पुस्तक घ्यावं' असं म्हणतात. तू रडवेल्या डोळ्यांनी, रात्री, फोनवर खरेदी केलीस. पुस्तक दहा वेळा वाचलेल्याचाही अशा वेळी घात होतो.

आणि आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ती तू जाता जाता लिहिलीस, मी मात्र तिथेच थांबले. पाकिटं टाकून दिलीस.

त्या पाकिटांवर मामांच्या अक्षरात काहीतरी असणार. कुठे मिळालं, कुणाकडून, कधी, काय देऊन. संग्राहक त्यासाठीच पाकिटं ठेवतात. नाण्याचा मागचा प्रवास माहीत असला की त्याची किंमतही वाढते आणि खरेपणाला आधारही मिळतो. पॉलिशने तू ३१ नाण्यांची त्वचा नेलीस. पाकिटं गेली तेव्हा ४० नाण्यांची ओळख गेली. आज रद्दी अजून घरात असेल तर हे वाचणं सोडून आधी ती उपस.

नसेल, तर एकच प्रत उरली आहे, आणि ती पुढच्या महिन्यात तुझ्याकडे राहायला येते आहे.

म्हणून लपवून चालणार नाही. तू विचारतेस निभावेल का. निभावेलही कदाचित, त्यांची नजर आता अधू असेल तर. पण मग त्या नाण्यांबद्दल तुला त्यांना काहीच विचारता येणार नाही. त्यांनी अल्बम मागितला की तू विषय बदलणार. ते आल्यावर पहिल्याच संध्याकाळी सांग. "मामा, मी नाणी घासली. पाकिटंही टाकली. मला माहीत नव्हतं." रडणं आलं तर येऊ दे, पण स्पष्टीकरणं देत बसू नकोस. त्यांना राग येईल. थोडा स्वतःवरही येऊ दे त्यांना. चाळीस नाणी भाचीच्या हातात देताना 'घासू नकोस' हे दोन शब्द त्यांनाही सुचले नव्हते, आणि हे मी तुझी बाजू घ्यायला म्हणत नाहीये.

तो नवा अल्बमही तपास. कप्पे मऊ, लवचीक, वास येणारे असतील तर ते पीव्हीसी आहे. त्यातून कालांतराने नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. नाणी लगेच बाहेर काढ. मायलार किंवा पॉलिप्रोपिलीन असं लिहिलेले कप्पे आण. रबरबँड नको, त्यातही गंधक असतं. सोबत कोऱ्या, आम्लविरहित कार्डांचा गठ्ठा आण आणि साधी पेन्सिल.

मामांचा राग ओसरला की फोनचं रेकॉर्डिंग चालू कर. न घासलेली ९ नाणी आधी काढ. त्यातलं पहिलं त्यांच्या तळहातावर ठेव आणि विचार, हे कुठे मिळालं होतं?

— ताई