तारवट्याच्या पेटीतली तिकिटं

प्रश्न : माझे सासरे तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी होते. यंदा चवथीच्या साफसफाईत त्यांच्या पत्र्याच्या पेटीत बुद्धिबळाची चित्रं असलेली शंभरेक टपाल तिकिटं सापडली. बहुतेक लाओस, निकाराग्वा आणि गिनी-बिसाऊची. शेवटच्यांवर पोर्तुगीजमध्ये ‘शद्रेश’ लिहिलंय, असं शेजारच्या आजींनी वाचून सांगितलं. क्युबाचं १९५१ चं एक आहे. आणि आईसलँडहून आमच्याच पत्त्यावर आलेलं एक पाकीट आहे, ठसा ऑगस्ट १९७२ चा. मुलगा त्यावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं म्हणतोय. चालेल ना? आणि या सगळ्याची किंमत काय येईल?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, पाण्याचं भांडं आधी उचलून ठेवा आणि चिरंजीवांना दुसरं काही काम सांगा. बाकीचं मग वाचा.

१९७२ च्या उन्हाळ्यात आईसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, अमेरिकेचा फिशर आणि सोव्हिएत संघाचा स्पास्की बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी खेळत होते. पहिला डाव ११ जुलैला सुरू झाला. एकविसावा डाव तहकूब राहिला होता. १ सप्टेंबरला स्पास्कीने फोनवरूनच हार कळवली आणि साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी सामना संपला. त्या सामन्यासाठी आईसलँडने १५ क्रोनांचं तिकीट काढलं होतं. तुमच्या पाकिटावर ठसा ऑगस्टचा, म्हणजे सामना ऐन रंगात असताना सासऱ्यांनी ते तिथल्या पेटीत टाकलं. तिकीट सुटं केलंत तर हातात उरेल आईसलँडचं एक साधं वापरलेलं तिकीट, तसली पुष्कळ मिळतात. पाकीट मात्र एकच आहे, आणि त्यावर तुमच्या घरचा पत्ता आहे.

आता बाकीची शंभर. मी तीस वर्षं टपालात ठसे मारले, त्यामुळे ठसा बघायची सवय जात नाही. ही तिकिटं एकेक उलटून पाहा. पुढून ठसा आणि मागे डिंक जसाच्या तसा, असं दिसलं की समजा, त्या तिकिटाने एकही पत्र नेलेलं नाही. ठसाही बघा कसा बसलाय : नेमका एका कोपऱ्यात, पाव वर्तुळ, चित्राला धक्का न लावता. चार तिकिटं जिथे भिडतात तिथे एक ठसा उमटवला की चौघांना पाव-पाव मिळतो. आमच्या हातचा ठसा इतका सभ्य कधीच नव्हता. राजाच्या नाकावर नाही तर घोड्याच्या पोटावर बसायचा! अशा मुद्दाम ठसा मारून विकलेल्या तिकिटांना संग्राहक ‘सीटीओ’ म्हणतात. टपाल खात्याला पत्र न पोचवता परकीय चलन मिळतं, व्यापाऱ्याला ढिगाने स्वस्त माल मिळतो. तेव्हा खरं सांगतो, अशा तिकिटाला पाव-भाजीच्या एका बशीचेही पैसे येणार नाहीत. विकू नका, मुलाला द्या. चित्रं सुरेख असतात.

‘शद्रेश’बद्दल थोडं विषयांतर करतो. आपला ‘चतुरंग’ इराणात ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’ आणि तिथून पोर्तुगालात ‘शद्रेश’. मग जहाजात बसून तो गोव्यात आला, आणि इथे आपण त्याला ओळखलंच नाही! मुलाला एक गंमतही दाखवा. आपला कोपऱ्यातला हत्ती पोर्तुगीजांकडे ‘तोर्रे’, म्हणजे बुरूज आहे, आणि आपल्या उंटाच्या जागी त्यांचा बिशप उभा असतो. सोंगट्यांची चित्रं असलेल्या तिकिटांवर हा फरक लगेच दिसेल.

क्युबाचं तिकीट वेगळं काढून ठेवा. क्युबाच्याच कापाब्लांकाने १९२१ मध्ये हवानात लास्करला हरवून जगज्जेतेपद घेतलं, त्याला तीस वर्षं झाली म्हणून तो संच निघाला. तिकिटावर झळकलेला हा पहिला बुद्धिबळपटू. कडेचे दाते शाबूत असतील आणि मागे कागद पातळ पडलेला नसेल, तर जाणत्याला दाखवूनच किंमत करा.

पत्र्याची पेटी मात्र बदला. आपल्या पावसात डिंक सुटतो. माझा एक कोरा संच मीच आळसाने कपाटात आडवा दाबून ठेवला होता. श्रावणात काढला तर बारा तिकिटांची एक वडी झाली होती. अल्बम उभा ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि सेलोटेप घरातून हद्दपार करा.

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात हडफड्याला झालेला विश्वचषक पाहिल्यापासून बुद्धिबळाची तिकिटं जमवायची आहेत. पहिलं तिकीट कुठलं? – आठवीतला विद्यार्थी, मडगाव

उत्तर : बल्गेरियाचं, १९४७ चं. बाल्कन देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी निघालेल्या संचातलं एक. पुढच्याच वर्षी बोत्विनिक जगज्जेता झाला आणि सोव्हिएत रशियाने तीन तिकिटं काढली. सुरुवात मात्र यांच्यापासून करू नकोस, खिसा रिकामा होईल. वर फोंड्याच्या ताईंना सांगितली तसली स्वस्त सीटीओ घे, चिमट्याने धरायला शीक. बोटांनी धरलंस तर घामाचे डाग पडतील. बल्गेरियाच्या त्या तिकिटावर घोडा आहे. तो पुढे कधीतरी मिळेल.