वाचकांचे प्रश्न : एक अधिक एक दोन होत नाहीत

प्रश्न : जालना एमआयडीसीत क्रेनखाली माल बांधतो. २ टनांचा सळयांचा बंडल १-१ टनाच्या दोन बेल्टांनी फास मारून उचलला, तर एक बेल्ट तुटला. हिशेब कुठं चुकला? – एक वाचक

उत्तर : दोन्ही बेल्ट अगदी उभे असतील तरच प्रत्येकावर १ टन येतो. हुकाजवळ बेल्टांमधला कोन ६० अंश झाला की १.१५ टन, ९० ला १.४१ आणि १२० ला थेट २ टन! त्यात फास मारला की बेल्टची क्षमता साधारण ८० टक्केच धरायची, म्हणजे तुमचा बेल्ट ८०० किलोचाच उरला.

तरीही तेवढ्यानं बेल्ट सहसा तुटत नाही. चांगला बेल्ट छापील वजनाच्या पाच ते सात पट ताण सोसतो. आमचा संशय सळईच्या कापलेल्या टोकावर आहे. तुटलेली कड बघा. सरळ चिरलेली असेल तर धारेनंच कापलं. धारेशी जाड रबर किंवा बेल्टचं कव्हर घालाच.

या कामाला हिरवा, २ टनांचा बेल्ट घ्या (जांभळा १ टनाचा, पिवळा ३ टनांचा). कोन मोजायची सोपी खूण : दोन बांधण्यांमधलं अंतर हुकापासून बंडलापर्यंतच्या एका बेल्टच्या लांबीइतकं असेल तर कोन ६० अंश. अंतर त्याहून जास्त भरलं तर लांब बेल्ट लावा.

बंडल आधी वीतभरच उचलून थांबवा. कलला, तर खाली टेकवून पुन्हा बांधा. हातानं दाबून सरळ करू नका. आणि लेबल गेलेला बेल्ट कितीही नवा दिसो, भंगारात टाका, पण कापून. नाहीतर रात्रपाळीवाला तोच उचलून आणतो.