करारावर सह्या झाल्या, पण प्रत कुठे गेली?

कोळशाचा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे विजेवर उष्णता पुरवणारी यंत्रे, बसवायचे, संघटनेने त्याला सहकार्य करायचे, असा करार तुम्ही आणि कंपनीने आपापसांत केला. आता बॉयलरवरच्या नऊ जणांना पुढच्या महिन्यापासून काम नाही, असे तोंडी सांगितले गेले. २१ दिवसांची नोटीस का नाही, असे विचारल्यावर कंपनी म्हणते, करार झाला आहे, नोटिशीची गरज नाही. अशी पत्रे हल्ली बरीच येतात.

कंपनीचे म्हणणे सरसकट चूक नाही. प्लँटमधल्या सुधारणेमुळे कामगार कपात होणार असेल तर २१ दिवस आधी नोटीस लागते, पण बदल समझोत्यानुसार होत असेल तर लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

पण आपापसांतला करार कायद्याने 'समझोता' ठरायचा तर त्याची प्रत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगार वादात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेलेली असावी लागते. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवर सहा सह्या आहेत, कंपनीचा गोल शिक्का आहे. सरकारी कार्यालयाचा आवक शिक्का मात्र कुठेच दिसत नाही. उद्याच जाऊन चौकशी करा. प्रत गेली नसेल तर त्याच दिवशी नोटीस न दिल्याबद्दल लेखी हरकत नोंदवा आणि समेटाची मागणी करा. न्यायालय ही त्रुटी किती गंभीर मानेल, हे मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्रत गेली असेल तर सगळे एका शब्दावर येते. तुमच्या करारात लिहिले आहे, संघटना सहकार्य 'करील', कंपनी कामगारांना 'शक्यतो' सामावून घेईल. सही करताना हे कुणालाच खटकले नाही? परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचे सर्टिफिकेट मिळवलेल्या माणसाला हीट पंपासमोर त्याचा काय उपयोग? ट्रेनिंग कोण देणार, किती दिवसांत, त्या काळात पगार किती, हे तेव्हाच लिहून घ्यायला हवे होते.

अजूनही वेळ आहे. नवे पंप सुरळीत चालू होईपर्यंत कंपनीला तुमची गरज आहे. तोवर नवा करार करा, आणि तो समेटाच्या कामकाजात, समेट अधिकाऱ्यासमोर करा. तो सगळ्या कामगारांना लागू होतो, तुमचे सभासद नसलेल्यांनाही. आपापसांतला करार फक्त करणाऱ्या बाजूंपुरता असतो.

आणि त्या नऊ जणांना आजच सांगा, 'पूर्ण व अंतिम हिशेब' लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका.