मिरचीच्या फुलातले काळे थ्रिप्स: आधी फूल झटका, मगच पंपाला हात लावा

सध्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. भिवापूरकडचे भाऊ विचारतात, सिल्लोडचे विचारतात, नंदुरबारचे पण विचारतात. "सर, मिरचीला फुलं भरपूर लागतात पण दोन-तीन दिवसांत गळून पडतात, फूल उघडलं की आत बारीक काळे किडे पळतात, कृषी केंद्रवाला म्हणतो ही नवीन प्रजाती आहे, जुनं औषध चालणार नाही, काय मारू?"

आधी या "नवीन" चा विषय संपवू. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे, आणि ही त्यातली थ्रिप्स पार्विस्पिनस नावाची प्रजाती. कार्नी नावाच्या शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये थायलंडच्या नमुन्यांवरून याचं वर्णन केलं, म्हणजे शास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. आपल्या देशात नोंद झाली २०१५ मध्ये, बेंगळुरूला पपईवर. मग २०२१ मध्ये आंध्रात गुंटूरकडे आणि तेलंगणात मिरचीवर असा काही तुटून पडला की उभे प्लॉट लोकांनी मोडले. आपल्याला नवीन आहे, मान्य. पण "नवीन किडा म्हणून नवीन बाटली" हे दुकानदाराचं गणित आहे, किड्याचं नाही.

ओळखायचा कसा? आपला जुना फुलकिडा पिवळसर, कोवळ्या पानात बसतो, पान वर वाटीसारखं वळतं, तो आपला नेहमीचा बोकड्या. हा फुलात बसतो. मादी काळपट तपकिरी, डोकं-छाती जरा फिकी, पाय पिवळे, लांबी जेमतेम १ मिमी, नर पिवळा आणि अजून लहान. पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे, परागकण खाल्लेले, फळ धरत नाही आणि धरलं तर वाकडं आणि खरचटलेलं. पानाच्या खालच्या बाजूला पण तपकिरी खरवड दिसते. तरी शंभर टक्के खात्री डोळ्यांनी होत नाही, त्यासाठी किडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अँटेनाचे सात भाग आणि पंखाच्या शिरेवरचे केस बघतात. शंका असेल तर १५-२० किडे ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकून कृषी विज्ञान केंद्राला द्या. मोबाईलवरचा धूसर फोटो पाठवून प्रजाती विचारू नका, कुणीच सांगू शकत नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक प्लॉटवर तीच कथा बघतोय. शेतकरी फवारतो, चौथ्या दिवशी फुलात परत किडे, दुकानात जातो, दुकानदार म्हणतो डोस कमी पडला, डबल करा, सोबत हे टॉनिक आणि ते बुरशीनाशक पण टाका. चुकीचं आहे हे!! डोस कमी पडलेला नसतो. अंडी पानाच्या-फुलाच्या पेशीत असतात, कोष मातीत असतो, फवारा दोघांपर्यंत पोचतच नाही, ते चार दिवसांनी बाहेर येणारच, तुम्ही चौपट मारलं तरी येणार. डबल डोसने मरतात ते मित्रकीटक, किडे खाणारे कोळी आणि मधमाश्या, आणि मग किड्याला रान मोकळं. सिंथेटिक पायरेथ्रॉईड (हा कीटकनाशकांचा एक प्रकार) मिरचीवर मारूच नका, मारलं की थ्रिप्स उलट वाढतात. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदीच आहे तरी कुणी देत असेल तर ते दुकान सोडा आणि आम्हाला कळवा.

दुसरी फसवणूक गटाची. गट म्हणजे किड्याला एकाच पद्धतीने मारणारी औषधं. बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नसतं. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम एकाच गटातले. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड हे पण एकाच गटातले. तीन फवारण्या तीन बाटल्यांतून केल्या आणि गट एकच, मग किडा दाद देत नाही म्हणून रडायचं. लेबलवर घटकाचं नाव वाचा. स्पिनोसॅड ४५ एससी हेक्टरी १६० मिली, म्हणजे एकरी साधारण ६५ मिली, बस, त्याच्यावर एक थेंब नाही. पुढची फवारणी लागलीच तर वेगळ्या गटाची, लेबलवर मिरची आणि थ्रिप्स दोन्ही लिहिलेली. आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवरच असतं, हिरवी मिरची दर आठवड्याला तोडणारे हे सरळ विसरतात.

चार-पाच औषधांचं कॉकटेल करू नका. परत सांगतो, करू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, त्या घरांची आठवण ठेवा. मास्क, हातमोजे, वाऱ्याविरुद्ध फवारा न मारणं, हे सगळं तुम्हाला माहिती आहे, पाळा फक्त.

वेळ पण चुकते. दुपारी भर उन्हात, मधमाश्या फुलावर असताना फवारणी कशाला? संध्याकाळी ४ नंतर मारा आणि नोझलची धार फुलांवर व पानांच्या खालून जाऊ द्या, वरून झाड धुऊन उपयोग नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि तिला पैसा लागत नाही. दर तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरा कागद घेऊन शेतात जा, वेगवेगळ्या झाडांची १० फुलं कागदावर झटका, किडे मोजा, वहीत लिहा. आकडा वाढतोय की कमी होतोय हे तुमच्या वहीत असेल तर दुकानदार तुम्हाला घाबरवू शकत नाही. कमी असताना निंबोळी अर्क ५ टक्के, किंवा संध्याकाळी ओलावा असताना बिव्हेरिया लिटरला ५ ग्रॅम (ही किड्याला मारणारी बुरशी आहे, बुरशीनाशकासोबत मिसळलं तर बिव्हेरियाच मरेल). आकडा लागोपाठ चढतच राहिला तरच रासायनिक. जे भाऊ झटकून मोजतात त्यांच्या फवारण्या कमी होतात, हे मी बांधावर उभं राहून बघितलंय.

सोबत निळे चिकट सापळे एकरी २५-३०, झाडाच्या उंचीला, पिवळे नाही निळे. कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लागवडीच्या आधीच. लागवडीला निंबोळी पेंड एकरी २०० किलो. आणि युरियाचा हात आखडा, लुसलुशीत झाड म्हणजे थ्रिप्सला आमंत्रण.

मल्चिंगमुळे, म्हणजे वाफ्यावर प्लास्टिक पेपर अंथरल्यामुळे, पिल्लांना कोषासाठी मातीत जायला अडचण होते, म्हणून पुढच्या लागणीला चंदेरी पेपर घ्या. अनुदान महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं ऑनलाइन पोर्टल), फार्मर आयडी लागतो, पूर्वसंमती येण्याआधी बिल फाडू नका, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

"प्लॉट मोडू का?" असं एका ताईंनी विचारलंय. ताई, नवीन फुटवा येत असेल आणि कागदावर किडे कमी होत असतील तर मोडू नका, पुढची फुलं धरतील. पण शेवटचा तोडा झाल्यावर झाडं तशीच उभी ठेवून दुसऱ्या तुकड्यात नवीन रोप लावू नका. जुनी झाडं उपटून नष्ट करा, बांधावरचं फुललेलं तण काढा, मगच रोप आणा.