कोल्हापुरात पाच माणसांच्या घराचा किराणा आटोक्यात कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर बदली होऊन राजारामपुरीत राहायला आलात. घरात आई, तुम्ही दोघं आणि दोन मुलं, आणि किराण्याचं बिल दर महिन्याला वाढतच चाललंय. मॉलमधून भरावं, लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणावं की गल्लीतल्या दुकानात खातं लावावं, असं विचारलंय. मी मंगळवार पेठेत बावीस वर्षं संसार करतेय, आमच्याही घरात पाचच माणसं. दादा, दुकानाचं नंतर बघू. आधी तुमच्या घरात कुठली वस्तू महिन्याला नेमकी किती संपते ते सांगता येतंय का बघा. मलाही पंधरा-सोळा वर्षं सांगता येत नव्हतं, आणि तोवर आमचे पैसे असेच जात होते.

२०२० साली टाळेबंदीत ह्यांच्या फौंड्रीतला पगार अर्ध्यावर आला. तेव्हा एका दुपारी मी माळ्यावरचे, ओट्याखालचे सगळे डबे खाली उतरवले. तूरडाळ तीन डब्यांत निघाली, त्यातल्या एकीला किडे लागलेले. शेंगदाणे खवट झालेले. पोह्यांची तीन पाकिटं. आणि त्या महिन्याच्या यादीत मी पुन्हा दोन किलो तूरडाळ लिहून ठेवलेली! त्या दिवशी फार वाईट वाटलं. मुलाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि प्रत्येक वस्तूपुढे दोनच तारखा लिहायला लागले, डबा भरला ती आणि डबा संपला ती. भाव लिहिले नाहीत, हिशेब मांडला नाही.

तीन महिन्यांनी वही वाचली. साखर मी पाच किलो भरायचे, लागत होती चार. सगळ्या डाळी मिळून साडेतीन किलो पुरत होत्या, मी सहा आणायचे. चहापूड मात्र उलटी. यादीत अर्धा किलो आणि खप जवळजवळ एक किलोचा. म्हणजे उरलेली सगळी महिनाअखेरीला दहा-दहा रुपयांच्या पुड्यांनी येत होती, आणि पुडीतला माल किलोच्या हिशेबानं सगळ्यात महाग पडतो. जास्त आणलेलं सडतं, कमी आणलेलं पुडीनं येतं. आमचे पैसे या दोन्ही भोकांतून गळत होते. तुम्हीही पहिले दोन-तीन महिने एवढंच करा, दुकान आहे तेच राहू दे.

आकडे हातात आले की वस्तूंचे आपोआप वाटे पडतात. काही वर्षाच्या एकदाच घ्यायच्या, काही महिन्याच्या, काही रोजच्या. कोल्हापुरात खरी बचत वर्षाच्या वाट्यात आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिली चटणी. इथे चटणी म्हणजे कांदा-लसणीचं तिखट, हे आतापर्यंत कळलं असेलच. भाजी, आमटी, मटण, मिसळ, सगळीकडे तीच. ती पाकिटातून आणत राहिलात तर वर्षाला किती जाते याचा अंदाजही येत नाही. आम्हाला वर्षाला तीन किलो मिरची लागते. खोबरं, तीळ, धने, गरम मसाला, कांदा, लसूण, मीठ धरून त्याची सहा किलोच्या आसपास चटणी होते. दोन किलो ब्याडगी रंगासाठी, एक किलो संकेश्वरी तिखटासाठी. मुलं लहान असतील तर संकेश्वरी अर्धाच किलो घ्या आणि तेवढी ब्याडगी वाढवा. नवी मिरची बाजारात भरपूर असते तेव्हा, म्हणजे मार्चच्या सुमाराला घ्यायची. मुठीत दाबली की खुळखुळ वाजली पाहिजे. दमट मिरची वजनाला भरते, घरी वाळवल्यावर घटते आणि चटणीला बुरशी आणते. देठासकट मिरची स्वस्त दिसते, पण देठाचंही वजन आपण विकतच घेतो, तेव्हा देठ काढलेलीचा भाव विचारून दोन्हींचा मेळ घाला. घरी दोन कडक उन्हं द्यायची, बाकीचा मसाला भाजून न्यायचा आणि डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायचं. गर्दीत नंबर लावून बसावं लागतं, पण उठून जाऊ नका. भरणीत दाबून भरायची, मध्ये हिंगाचे खडे, ओला चमचा कधी घालायचा नाही. आमची चटणी पुढच्या मार्चपर्यंत तशीच लाल राहते.

गुळाचा हंगाम तर आता सुरूच आहे. शाहूपुरी आणि मार्केट यार्ड हे गुळाचे जुने बाजार. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे बाहेर नाव विकलं जातं, पण आपण इथे आहोत तर रव्यातून, म्हणजे गुळाच्या ढेपेतून घ्यावा. मोठा रवा एका घराला जास्त होतो, म्हणून आम्ही शेजारच्या तीन घरांत वाटून घेतो. पांढराफटक, चकचकीत गूळ बघून भुलू नका, तांबूस रंगाचा चवीला चांगला असतो. पावसाळ्यात गूळ पाझरतो, तेव्हा बंद डब्यातच ठेवायचा.

तांदूळही याच दिवसांत. आजरा, भुदरगड, राधानगरी, चंदगड या बाजूचं नवं भात दिवाळीनंतर निघतं. ऑफिसात कुणी त्या भागातलं असेल तर नक्की विचारा, कारण गावाकडून थेट तांदूळ आणून देणारी माणसं इथे प्रत्येक ऑफिसात सापडतात. नवा तांदूळ चिकट होतो आणि कमी फुगतो. जुना झाला की तोच तांदूळ पातेलंभर होतो, म्हणजे आत्ता घेऊन ठेवलेला पुढच्या वर्षी जास्त पुरतो. रोजच्याला साधा तांदूळ आणि आजरा घनसाळ सणावाराला पाच किलो, असं आम्ही करतो. घनसाळ वासाचा आणि चवीचा, पण रोज परवडत नाही. कणी मिळाली तर सोडू नका. घावन आणि इडलीला कणी चालते, त्यासाठी अख्खा तांदूळ भिजवायची गरज नाही. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उन्हाळ्याच्या तोंडाला येतो, तो लक्ष्मीपुरीत दोन-तीन दुकानं फिरून घ्यावा.

सुटं घ्यायचं आणखी एक कारण आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर लागत नाही. शिवाय सुटा माल हातात घेऊन, दाताखाली चावून बघता येतो. निवडण्या-पाखडण्याचं काम वाढतं हे खरं. त्यात आईंचा दुपारचा वेळही बरा जाईल, पण त्यांची हौस असेल तरच, त्यांच्यावर लादू नका.

तेलाबाबत माझी एकदा चांगलीच फसगत झाली. एका दुकानात डबा दुसरीकडच्यापेक्षा बराच स्वस्त दिसला, आनंदानं उचलून आणला. घरी वाचलं तर तो १५ लिटरचा, आणि मी ज्याच्याशी भाव ताडून बघत होते तो १५ किलोचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल येतं. दीड लिटरचा फरक! दुकानदारानं खोटं काही सांगितलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं. पिशव्यांचंही तसंच. काही पिशव्या ९१० ग्रॅमच्या, काही ८५० ग्रॅमच्या, आणि कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या की सारख्याच दिसतात. आता पाकिटावर एमआरपीसोबत दर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतात तेही छापावं लागतं. बारीक अक्षरात असतं, मुलांना वाचायला लावा. माझी मुलगी आता मोठ्या अक्षरातली ऑफर बघतच नाही, थेट तो आकडा शोधते.

मॉलला माझा विरोध नाही. साबण, टूथपेस्ट, फिनेल, भांड्याची पावडर तिथे खरंच स्वस्त मिळते. मी दोन महिन्यांतून एकदा जाते, यादी घेऊन, आणि मुलांना घरी ठेवून. मुलं बरोबर असली की ढकलगाडीत काय काय येऊन पडतं ते बिलावरच कळतं. ‘एकावर एक’ दिसलं की आधी तारीख बघा, मग वहीत खप बघा. तेवढ्या दिवसांत संपणार नसेल तर दुसरं फुकट मिळून उपयोग नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीचे भाव डोक्यात धरून आता ऑफर तोलू नका.

माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं थोडक्यात सांगते. रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार, एरवी कपिलतीर्थ. संध्याकाळी उशिरा पालेभाजीच्या पेंढ्या निम्म्यात मिळतात, पण त्या त्याच रात्री निवडून ठेवता येणार असतील तरच घ्या. आठ-दहा रुपयांसाठी म्हाताऱ्या बाईशी घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. ती पहाटे चारला उठून बुट्टी घेऊन आलेली असते.

आता खात्याबद्दल. पहिलं वर्ष तरी खातं लावू नका. खात्यावर वस्तू येते तेव्हा भाव दिसत नाही, महिन्यानं एकच मोठा आकडा दिसतो आणि तो कशाचा ते आठवत नाही. पण गल्लीतल्या दुकानदाराला अगदी तोडूही नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी येऊन हायवे बरेच दिवस बंद होता, शहरात दूध-भाजीची मारामार होती. तेव्हा आमच्या गल्लीतल्या दुकानदारानं ओळखीच्या घरांना जुन्याच भावानं तांदूळ आणि डाळ दिली. रवा, पोहे, साबुदाणा, मीठ, काडेपेटी असल्या वस्तू मी आजही त्याच्याकडूनच घेते, रोख देऊन. वजनात शंका वाटली तर तिथल्या तिथे, शांतपणे दुसऱ्यांदा तोलायला सांगा, आणि पिशवी किंवा डबा ठेवून काटा शून्यावर आणलाय का ते बघा. कुणी छापील किमतीपेक्षा जास्त मागितले आणि ऐकतच नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

वर्षाचं सामान भराल तेव्हा ते ठेवायचं कुठे याचाही विचार करा. इथला पाऊस भिंती ओल्या करतो. जोंधळा, गहू आणि डाळी मृग निघायच्या आत कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर डब्यात भरायच्या. गरम भरल्या की आत घाम धरतो. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात, एवढं पुरतं. पिपं जमिनीला टेकवू नका, खाली पाट किंवा विटा. राजारामपुरी उंचावर आहे, पण पुढे घर बदललंत आणि ते दुधाळी, सुतारवाडा किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडे असेल तर धान्य माळ्यावरच. माझ्या नणंदेची वर्षाची बेगमी २०१९ ला पाण्यात गेली, भिजलेला गहू रस्त्यावर ओतताना ती रडत होती.

तेव्हा आत्ता लगेच फक्त वही आणि गूळ. तांदूळ जानेवारीत, तोवर कुठला आवडतो ते पाच-पाच किलो आणून चाखा. चटणी मार्चपर्यंत पाव-पाव किलो सुटी घ्या, दोन-तीन ठिकाणची, म्हणजे आईंना किती तिखट चालतं ते कळेल. मिरचीचं प्रमाण त्यावरूनच ठरवायचंय.